इनॅमलचे घर

इनॅमलची भांडी रोज वापरलेली पिढी आता पन्नाशीच्या पुढे गेली. पांढरा मग, त्याला निळी किनार, आणि कधीतरी मोरीत आपटल्यामुळे टवका उडून उघडा पडलेला काळा डाग. दवाखान्यातली मूत्रपिंडाच्या आकाराची ताटली, जुन्या दुकानांवरच्या जाहिरातींच्या पाट्या, संडासातले टमरेल, सगळे त्याच जातीचे. आपण त्याला रंग समजत होतो, पण इनॅमल म्हणजे काच. काचेची भुकटी पाण्यात कालवून पोलादी पत्र्यावर फवारायची, वाळवायची आणि आठशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीतून काढायची. काच वितळते, पत्र्याला कायमची धरते आणि मग ऊन, पाऊस, गंज, कशालाही पन्नास-साठ वर्षे दाद देत नाही. वाकवले किंवा ठोकले तर मात्र तडकते.

या पत्र्याची घरे १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत उभी राहिली. बाहेरच्या भिंती इनॅमलच्या, आतल्या भिंती इनॅमलच्या, छत इनॅमलचे आणि वरची कौलेसुद्धा इनॅमलची. घराला रंग नको, गिलावा नको, वाळवीची भीती नाही, आगीची नाही. ओल्या फडक्याने पुसले की झाले. कंपनीचे नाव लस्ट्रॉन. तिने सुमारे अडीच हजार घरे विकली आणि ती बुडाली. बुडताना सरकारचे ३ कोटी ७५ लाख डॉलरचे कर्ज अंगावर होते. त्या काळी एवढा मोठा सरकारी पैसा क्वचितच एखाद्या गृहबांधणी कंपनीला मिळाला असेल.

मी वास्तुशास्त्र शिकलेला नाही. माझे अर्धे आयुष्य पत्रा कापण्यात, दाबण्यात आणि त्याला रंग देण्यात गेले. त्यामुळे लस्ट्रॉनची ओळख झाली ती एका जुन्या छायाचित्रातल्या प्रेसमुळे, घरामुळे नव्हे. घर नंतर समजले. इतकी वर्षे त्या कंपनीबद्दल जे मिळेल ते वाचताना मला एकच प्रश्न सतावत आला आहे. घर उत्तम होते याची साक्ष आजही उभी असलेली घरे देतात. मग ते चालले का नाही? राजकारण, भ्रष्टाचार, प्रतिस्पर्ध्यांचे डाव अशी उत्तरे सहसा दिली जातात आणि त्यांत तथ्य आहे. पण माझ्या मते खरे उत्तर त्या घराच्या आराखड्यातच दडले आहे.

गोष्ट सुरू होते पेट्रोल पंपांपासून. शिकागोजवळच्या सिसेरो गावात शिकागो व्हिट्रियस इनॅमल ही कंपनी पंपांच्या इमारतींसाठी इनॅमलचे पत्रे बनवत असे. पंप लांबून चकाकला पाहिजे आणि तेलकट हातांचे डाग पुसता आले पाहिजेत, या दोन्ही गरजा इनॅमल भागवत होते. हॅम्बर्गर विकणाऱ्या व्हाइट कॅसलची पांढरीशुभ्र दुकानेही अशाच पत्र्याची होती. कार्ल स्ट्रँडलंड हा या कंपनीतला अभियंता स्वीडनमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला आणि शेतीच्या अवजारांत अनेक सुधारणा नावावर असलेला. १९४६ साली तो वॉशिंग्टनला गेला तो पंपांसाठी पोलादाचा कोटा मागायला.

युद्ध संपले होते, पण पोलादावर सरकारी नियंत्रण कायम होते. लाखो सैनिक घरी परतत होते आणि त्यांना राहायला घरे नव्हती. नवी जोडपी आईबापांच्या घरात, कोंबड्यांच्या खुराड्यांतून, निकामी ट्रामच्या डब्यांतून दिवस काढत होती. अध्यक्ष ट्रूमन यांनी विल्सन वायट या तरुण माणसाकडे गृहनिर्माणाची सूत्रे दिली होती आणि वायटने १९४७ अखेर २७ लाख घरांचे लक्ष्य जाहीर केले होते. पंपांसाठी पोलाद मिळणार नाही, घरांसाठी हवे असेल तर बोला, असे स्ट्रँडलंडला सांगण्यात आले. तो परतला आणि घराचा आराखडा घेऊनच पुन्हा गेला. धंदेवाईक माणसाने कोट्यासाठी केलेला हा डाव होता, की त्याला खरोखरच घराचे वेड लागले? सुरुवात कशीही असो, पुढची चार वर्षे त्याने दुसरे काही केले नाही.

वास्तुविशारद रॉय ब्लास आणि मॉरिस बेकमन यांनी पहिला आराखडा केला आणि १९४६ मध्येच इलिनॉयमधल्या हिन्सडेल गावी नमुन्याचे घर उभे राहिले. वायटला ते पटले. पण पैसा ज्यांच्या हाती होता त्या रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी वित्तसंस्थेला ते पटले नाही. शिकागोतला डॉज कंपनीचा युद्धकालीन प्रचंड कारखाना लस्ट्रॉनला मिळावा म्हणून वायट भांडला. तो कारखाना आधीच प्रेस्टन टकर या मोटारवेड्या माणसाच्या पदरात पडला होता, ज्याच्या मोटारीवर पुढे सिनेमाही निघाला. वायटने १९४६ च्या डिसेंबरात राजीनामा दिला. अखेर १९४७ मध्ये लस्ट्रॉनला १ कोटी ५५ लाख डॉलरचे पहिले कर्ज मंजूर झाले आणि ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला कर्टिस-राइट कंपनीचा विमानांचा कारखाना मिळाला. जिथे लढाऊ विमाने जुळवली जात होती तिथे आता घरे जुळवली जाणार होती.

आता घराकडे वळू. वेस्टचेस्टर हा सगळ्यांत जास्त खपलेला नमुना ३१ फूट बाय ३५ फुटांचा, म्हणजे सुमारे हजार चौरस फुटांचा, दोन शयनगृहांचा, एकमजली. जमिनीवर काँक्रीटचे सपाट जोते टाकायचे. त्यावर कारखान्यात वेल्डिंग करून आलेल्या पोलादी चौकटी उभ्या करायच्या, वर पोलादी कैच्या बसवायच्या. बाहेरून दोन फूट बाय दोन फुटांचे चौकोनी पत्रे स्क्रूने जोडायचे आणि दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी दाबून बसवायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. घराला जवळपास बारा टन पोलाद आणि टनभर इनॅमल लागे. रंगांची नावे खास अमेरिकी जाहिरातीला शोभणारी होती: लाटेचा निळा, पारव्याचा राखाडी, मक्याचा पिवळा, वाळवंटी तपकिरी. चकाकी थोडी मारलेली असे, नाहीतर घर पंपासारखेच दिसले असते.

दर्शनी कोपऱ्यात भिंत आत घेऊन ओसरी केलेली असे. तिच्या खांबाजवळ पन्हळीचे पाणी खाली आणणारा नळ नागमोडी जाळीत गुंफलेला. घराच्या अंगावर एवढीच काय ती नक्षी, आणि तीही कामाची. माझ्या दृष्टीने तो नागमोडी नळ हा सबंध घरातला सगळ्यांत देखणा भाग आहे.

आत शिरले की लाकूड कुठेच दिसत नाही. दारे भिंतीत सरकणारी, त्यामुळे दार उघडायला लागणारी जागा वाचते. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये भिंतीऐवजी दोन्हीकडून उघडणारे फडताळ, त्यातून भांडी इकडून तिकडे देता येतात. शयनगृहात आरसा आणि खण असलेले श्रृंगारमेज भिंतीतच बसवलेले, बैठकीच्या खोलीत पुस्तकांचे कप्पे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत कोनाडे आणि फडताळे भिंतीच्या जाडीत असत. इथे भिंतीला जाडीच नव्हती, म्हणून फडताळालाच भिंत केले. हजार चौरस फुटांत चार माणसांचा संसार मावावा यासाठी हा विचार केलेला आहे आणि तो खरोखर बारकाईने केलेला आहे. स्वयंपाकघरात थॉर कंपनीचे यंत्र असे, त्यात एक पिंप बदलले की कपडे धुतले जात आणि दुसरे बसवले की बशा. आपल्या आज्यांनी हे ऐकून कानावर हात ठेवले असते, पण अमेरिकन बायकांनाही ते फारसे रुचले नाही. घर तापवायची सोय छतात होती. छताच्या पत्र्यावरच्या पोकळीत गरम हवा सोडायची आणि ती ऊब खाली झिरपायची. डोके तापते आणि पाय गारठतात, ही तक्रार लस्ट्रॉनच्या रहिवाशांकडून नेहमी ऐकू येई. भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती, ठोकला तर काच तडकणार. चित्रे टांगायला लोक लोहचुंबक वापरू लागले.

प्रत्येक घराला अनुक्रमांक होता. सेवाकक्षात बॉयलरजवळ छोटी पाटी, तिच्यावर नमुना आणि क्रमांक, अगदी मोटारीच्या इंजिनावर असतो तसा. एका घराचे तीन हजारांहून अधिक सुटे भाग खास बनवलेल्या लांब ट्रेलरवर चढत. चढवण्याचा क्रम उलटा असे, म्हणजे जागेवर पोचल्यावर जो भाग आधी लागेल तो हाताशी येई. ट्रेलर हेच गोदाम. सोबत जोडणीचे जाडजूड पुस्तक. विक्रेत्यांच्या माणसांना कोलंबसला बोलावून प्रशिक्षण दिले जाई.

ज्याने प्रेसवर काम केले आहे त्याच्या मनात इथे पाल चुकचुकते. तीन हजार भाग म्हणजे निदान शेकडो डाय. मग एक डाय बनवायला लागणारा वेळ, तिची किंमत, ती बदलायला लागणारे तास. एखादा कोपरा दोन इंच वाढवायचा तर किती साचे मोडावे लागतील? पत्र्याच्या धंद्याचे गणित असे असते की पहिला नग लाखाचा आणि लाखावा नग रुपयाचा. मधले नग विकले गेले तर. लस्ट्रॉनचा कारखाना रोज शंभर घरे काढू शकेल असा कंपनीचा दावा होता. सगळ्या आयुष्यात तिने जी अडीच हजार घरे विकली, ती या हिशेबाने पंचवीस दिवसांचे काम होती.

घरे खपली नाहीत असे म्हणणे मात्र चूक आहे. न्यूयॉर्कमध्ये नमुन्याचे घर उभे केले तेव्हा ते पाहायला रांगा लागल्या. मागणी भरपूर होती. अडले ते मागणी आणि घर यांच्या मधल्या वाटेवर.

आपल्याकडे ज्याने घरासाठी कर्ज घेतले आहे त्याला हे लगेच कळेल. बँक एकरकमी पैसे देत नाही. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की तिसरा. अमेरिकेतही हीच रीत होती. बांधकामाच्या कर्जाची सगळी रचना घर हळूहळू वर चढते हे गृहीत धरून केलेली होती. लस्ट्रॉन हळूहळू चढत नव्हते. ते एका ट्रेलरमधून पूर्ण येत होते आणि ट्रेलर कारखान्याच्या फाटकातून निघताना कंपनीला सगळे पैसे हवे होते, कारण कंपनीच्या डोक्यावर सरकारी कर्ज होते. बँक म्हणे, तुमच्या जागेवर अजून काही उभेच नाही, पैसे कशावर देऊ? त्या दोघांच्या मध्ये अडकला स्थानिक विक्रेता. एकेका घराची रक्कम त्याने पदरची घालायची, जागा शोधायची, जोते टाकायचे, पाणी-वीज आणायची, घर उभे करायचे आणि मग गिऱ्हाईकाचे कर्ज सुटेपर्यंत वाट पाहायची. ज्यांच्याकडे भांडवल होते ते टिकले, बाकीचे एकदोन घरांनंतर गळले.

दुसरी अडचण गावोगावच्या बांधकाम नियमांची. अमेरिकेत हे नियम गावागणिक वेगळे. कुठे भिंतीला गिलावा असलाच पाहिजे, कुठे नळजोडणी अमुकच प्रकारची हवी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीत लस्ट्रॉनचे नळ कारखान्यातच बसवून येत, ते पाहून अनेक ठिकाणच्या प्लंबरांनी हात वर केले. सुताराला काम नाही, रंगाऱ्याला नाही, गिलावा करणाऱ्याला नाही. गावातल्या ज्या माणसांच्या मर्जीवर घर उभे राहते, त्या प्रत्येकाला या घराने आधीच रजा दिली होती. आणि तरीही ट्रेलर गावात आल्यावर त्यांच्यावाचून घर उभे राहत नव्हते. जोडणीला कंपनीच्या अंदाजाच्या कितीतरी पट तास लागत होते.

म्हणून मी म्हणतो की उत्तर आराखड्यात आहे. लस्ट्रॉनचे घर पूर्ण होते. इतके पूर्ण की त्यात दुसऱ्या कुणाला हात घालायला जागा नव्हती.

याच्या तुलनेला सिअर्स ठेवून पाहावे. टपालाने माल विकणाऱ्या या कंपनीने १९०८ ते १९४० या काळात सत्तर हजारांहून अधिक घरे विकली, तीही सुट्या भागांतच. पण ते भाग लाकडाचे होते, मापात कापून नंबर टाकलेले. रेल्वेच्या वाघिणीतून ते येत आणि गावचा सुतार ते जोडी. एखादी खिडकी सरकवायची असेल तर तो करवत काढी. शिवाय बरीच वर्षे सिअर्स स्वतःच गिऱ्हाईकाला कर्ज देत होती. महामंदीत त्या कर्जांनीच तिचे हात पोळले, पण तोवर घर, गावचा कारागीर आणि पैसा यांची साखळी जुळली होती.

दुसरी तुलना लेव्हिटशी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिट आणि त्याच्या मुलांनी साडेसतरा हजारांच्या आसपास घरे बांधली. ऐन भरात असताना दिवसाला तीसहून जास्त. त्यांनी घरे कारखान्यात नेली नाहीत, कारखाना शेतात आणला. बांधकामाचे सव्वीस-सत्तावीस टप्पे पाडले, आणि प्रत्येक टप्प्याची टोळी एका प्लॉटवरून पुढच्या प्लॉटवर सरकत राहिली. एक माणूस दिवसभर फक्त एकच काम करी. घर जागेवर थांबे आणि माणसे हलत. सामान साधे, लाकूड आणि खिळे. जमीन त्यांचीच, आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या कर्जाची व्यवस्थाही त्यांनीच लावलेली. १९४९ मध्ये त्यांचे घर ७,९९० डॉलरला जमिनीसकट मिळत होते. लस्ट्रॉनने सुरुवातीला सात हजारांचा आकडा सांगितला होता, प्रत्यक्षात ते जमीन सोडूनच दहा हजारांच्या घरात गेले. लेव्हिटच्या वसाहतीत कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे, हे मात्र त्या स्वस्ताईचे कौतुक करताना विसरून चालणार नाही.

राजकारणाचा भागही थोडक्यात सांगायला हवा. रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी गृहनिर्माणाच्या संसदीय समितीवर होता. घरांविषयीच्या एका माहितीपुस्तिकेतल्या लेखासाठी लस्ट्रॉनने त्याला १० हजार डॉलर दिले. त्या रकमेत तेव्हा एक लस्ट्रॉनच विकत घेता आले असते. कर्ज देणाऱ्या संस्थेचा एक तपासनीस पुढे लस्ट्रॉनमध्येच भरघोस पगारावर रुजू झाला. अशा गोष्टींनी कंपनीचे नाव बदनाम झाले आणि कर्ज वाढवत नेण्याचे धैर्य कुणात उरले नाही. १९५० च्या फेब्रुवारीत सरकारी संस्थेने तारणावर टाच आणली. कम्युनिस्टांची यादी हातात असल्याचे सांगून मॅकार्थी देशभर गाजला तोही त्याच महिन्यात. जूनमध्ये कारखाना थांबला. पुढे कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि त्या इमारतीत पुन्हा विमाने बनू लागली.

पण बंद पडण्याच्या आधीच्या वर्षात एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या लेखी सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत महत्त्वाची. आपल्या आराखड्यात काहीतरी चुकते आहे हे कंपनीच्या लक्षात आले होते. १९४९ मध्ये तिने मॅसॅच्युसेट्समधल्या कार्ल कॉख या वास्तुविशारदाला बोलावले. कॉख हार्वर्डला शिकलेला, तरुणपणी स्वीडनमध्ये स्वेन मार्केलिउसकडे काम केलेला, कारखान्यात घर बनवण्याच्या कल्पनेने झपाटलेला. त्याआधी त्याने एकॉर्न नावाचे घडी घालता येणारे घर केले होते. ट्रकवरून आणायचे आणि जोत्यावर उलगडायचे. लस्ट्रॉनमध्ये त्याला दोन कामे सांगितली गेली: सुट्या भागांची संख्या घटवायची, आणि त्याच भागांतून वेगवेगळी घरे जुळवता येतील असे करायचे. काम चांगले पुढे गेले होते. मग कंपनीच उरली नाही. या सगळ्याविषयी त्याने १९५८ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे.

त्या अनुभवातून कॉखने १९५३ मध्ये टेकबिल्ट हे घर काढले. लस्ट्रॉन आणि टेकबिल्टची छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवली तर ही दोन घरे एकाच विचारातून निघाली असतील यावर विश्वास बसत नाही. टेकबिल्ट लाकडाचे. चार फुटांच्या पटीत सगळी मापे. खांब आणि तुळया भार घेतात, त्यामुळे आतली एकही भिंत वजन उचलत नाही आणि हवी तिथे सरकवता येते. खालचा मजला अर्धा जमिनीत आणि वरचा थेट उतरत्या छपराखाली. म्हणजे अमेरिकी घरात एरवी वाया जाणारे तळघर आणि माळा या दोन्ही जागा राहायच्या खोल्या झाल्या. छपराच्या त्रिकोणी टोकांना मोठाल्या काचा, त्यातून झाडे दिसतात. बाहेरून घर साधे, लांबट, थोडेसे धान्याच्या कोठारासारखे. आधुनिक वास्तुकलेच्या आवडत्या सगळ्या खुणा त्यात आहेत, पण त्यांचा तोरा नाही.

मुख्य फरक कामाच्या वाटणीत होता. कारखान्यातून यायचे फक्त कवच: सांगाडा, तक्तपोशी, भिंतींचे आणि छपराचे तयार पॅनल. ते काही दिवसांत उभे राही. बाकी सगळे, म्हणजे जोते, नळ, विजेच्या तारा, स्वयंपाकघर, रंग, हे गावातल्या ठेकेदाराकडे. कर्ज देणाऱ्या बँकेला ओळखीचे टप्पे दिसत. प्लंबरला काम मिळे. मालकाला पैसे कमी असतील तर वरचा मजला अर्धवट ठेवून राहायला येता येई, आणि भिंतीत खिळा तर केव्हाही ठोकता येई. १९५४ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने त्याला पारितोषिक दिले. टेकबिल्टने काही क्रांती केली नाही, लेव्हिटसारखे आकडे तिच्या वाट्याला आले नाहीत. पण ती वर्षानुवर्षे चालली आणि मुख्यतः न्यू इंग्लंडच्या झाडीत ती घरे आजही लोक आवडीने राखून आहेत.

ज्या वर्षी कोलंबसचा कारखाना थांबला त्याच वर्षी दिल्लीत असाच एक कारखाना सुरू होत होता. फाळणीने उखडलेल्या लाखो निर्वासितांना घरे हवी होती. केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते ऑटो कोनिग्सबर्गर. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू वास्तुविशारद हिटलरच्या राजवटीतून निसटून १९३९ साली म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद म्हणून आला होता. भुवनेश्वर शहराचा मूळ आराखडा त्याचाच. जंगपुऱ्याच्या सरकारी कारखान्यात फेसाळ काँक्रीटचे भिंतींचे पॅनल ओतायचे आणि त्यांतून स्वस्त घरे उभी करायची अशी योजना होती. पॅनलना तडे गेले, संसदेत ओरड झाली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेला. तिथे पुढे उष्ण प्रदेशांतल्या वास्तुकलेचा नामवंत शिक्षक म्हणून त्याने नाव मिळवले. दिल्लीचा कारखाना मात्र तेव्हा बंद पडला नाही. हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी या नावाने तो विजेचे खांब आणि रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर बनवू लागला, आणि पुढे हिंदुस्थान प्रीफॅब या नावाने चालला. खांबाला गवंडी लागत नाही, गहाणखत लागत नाही, आणि तो कुठल्याही गावात सारखाच उभा राहतो.

लस्ट्रॉनपैकी बरीच घरे अजून उभी आहेत, मुख्यतः मध्य-पश्चिमेच्या राज्यांत. ज्या पिढीसाठी ती बांधली ती गेली, पत्रे मात्र तसेच. व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथल्या मरीन तळावर अशी साठ घरे एकत्र होती. २००६ च्या सुमारास नव्या वसाहतीसाठी ती काढायची ठरली तेव्हा सरकारने फुकट देऊ केली: या, सोडवा आणि न्या. फार थोडे लोक आले, कारण स्क्रू सोडवून, नंबर टाकून, वाहून नेऊन पुन्हा जोडण्याचा खर्च नव्या घराइतका होता. बहुतेक घरे पाडली गेली. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात कारखान्यात बनलेल्या घरांचे प्रदर्शन भरले, त्यात व्हर्जिनियातूनच आणलेले एक लस्ट्रॉन दालनाच्या आत जोडून ठेवले होते. कोलंबसच्या इतिहास संग्रहालयातही लस्ट्रॉन जोडून ठेवले होते. त्यात लोक आत शिरून कपाटे उघडून पाहत.

ज्यांच्याकडे अजून राहते घर आहे त्यांना मोठी चिंता असते ती सुट्या भागांची. गाडीची धडक बसली, झाड पडले, एखादा पत्रा चेपला, तर नवा मिळत नाही. साचे केव्हाच भंगारात गेले. तेव्हा कुठे एखादे लस्ट्रॉन पाडले जात असल्याची बातमी आली की दुसऱ्या राज्यातले मालक स्क्रूड्रायव्हर घेऊन निघतात, रंग जुळणारे पत्रे, कौले, एखादे सरकते दार गाडीत घालून आणतात आणि गॅरेजात रचून ठेवतात. पत्रा कोणत्या घरचा आहे याने काही बिघडत नाही. दोन फूट बाय दोन फूट, चार भोके, सगळीकडे सारखीच. लागेल तेव्हा बसतो.